वाचकांचे प्रश्न : यंत्र झोपतं, पण नीट जागं होत नाही

या वेळचे प्रश्न ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे आहेत, आणि सगळे सस्पेंड-रिझ्यूमचे, म्हणजे यंत्र झोपवण्या-उठवण्याचे. एक विंडोजचा, बाकीचे लिनक्सचे. बिघडलेल्या कॉलबॅकमधली (झोपताना-उठताना कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतं, त्यातली) ओळ बहुतेक वेळा स्वतःपुरती बरोबरच असते. ती चालते त्या क्षणी कोण जागं आहे आणि कोण झोपलंय, हा हिशेब चुकलेला असतो. म्हणून उत्तरांमध्ये आधी तो हिशेब मांडला आहे. फाइली, फंक्शनं आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर मूळ स्पेलिंगच टाइप करावं.

प्रश्न : लॅपटॉप सस्पेंड होतो, पण झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहतो. बटण दाबून धरून बंद करावा लागतो. नंतर लॉग पाहिला तर सस्पेंडच्या आधीच्या ओळी आहेत, पुढे काहीच नाही. कोणता ड्रायव्हर अडतोय हे शोधायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : यंत्र खरंच अडकलंय की नुसता पडदा, हे आधी ठरवा. कॅप्स लॉकचा दिवा बदलतो का? दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच लागतं का? लागत असेल तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा बॅकलाइटपुरता आहे, आणि सगळा लॉग तुम्हाला वाचता येईल.

लागत नसेल तर पीएम_टेस्ट वापरा. कर्नल पीएम_डीबग पर्यायासह बांधलेलं असलं की /सिस/पॉवर/ मध्ये ही फाइल दिसते. तिच्यात फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर यांपैकी एक पातळी लिहायची आणि मग नेहमीसारखं स्टेट मध्ये मेम लिहायचं. यंत्र त्या पातळीपर्यंत उतरतं, ५ सेकंद थांबतं आणि परत येतं. खरी झोप लागतच नाही. फ्रीझरपासून सुरू करून एकेक पायरी खाली जा. ज्या पातळीवर यंत्र परत येत नाही, तिथे दोष आहे. काम झाल्यावर पीएम_टेस्ट मध्ये नन लिहायला विसरू नका, नाहीतर पुढचं प्रत्येक सस्पेंड ५ सेकंदांचंच होईल.

इथे एक गैरसमज हमखास होतो. डिव्हायसेस पातळी पार झाली आणि प्लॅटफॉर्मवर यंत्र अडकलं, की दोष बायॉसवर ढकलला जातो. प्रत्यक्षात डिव्हायसेस पातळीत ड्रायव्हरांचे फक्त प्रिपेअर आणि सस्पेंड हे दोन कॉलबॅक चालतात. सस्पेंड_लेट आणि सस्पेंड_नोआयआरक्यू (इंटरप्ट, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक, बंद झाल्यावर चालणारा) हे दोन्ही प्लॅटफॉर्म पातळीत चालतात. त्यामुळे तिथे अडकलं तरी आधी ड्रायव्हरच तपासा. आणखी एक मर्यादा : यंत्र एस२आयडल प्रकारच्या (प्रोसेसर बंद न करता नुसता निष्क्रिय ठेवणाऱ्या) झोपेत जात असेल तर प्रोसेसर्स आणि कोर या पातळ्या लागूच होत नाहीत. कोणता प्रकार चालू आहे ते मेम_स्लीप फाइलमध्ये चौकटी कंसात दिसतं.

सगळ्या पातळ्या सुखरूप पार झाल्या आणि खऱ्या झोपेतच घात होतो, तर दोन शक्यता उरतात : बायॉस, किंवा वीज गेल्यावर रजिस्टरं विसरणारं उपकरण. चाचणीत वीज जात नाही, म्हणून हा दुसरा दोष तिथे लपून राहतो.

आता पीएम_ट्रेस. एक्स८६ यंत्रावर /सिस/पॉवर/पीएम_ट्रेस मध्ये १ लिहून सस्पेंड करा. रिझ्यूम होताना कर्नल प्रत्येक टप्प्याची खूण यंत्राच्या घड्याळातच, म्हणजे आरटीसीमध्ये, लिहीत जातं. यंत्र अडकलं की साधारण ३ मिनिटांच्या आत ते जबरदस्तीने बंद करून त्याच कर्नलने सुरू करा. उशीर झाला तर घड्याळ पुढे सरकून खूण बिघडते. मग डीमेसेग मध्ये ‘मॅजिक नंबर’ आणि ‘हॅश मॅचेस’ या ओळी शोधा. तिथे फाइल, ओळ आणि उपकरणाचं नाव मिळतं. हॅश छोटा असल्याने कधी दोन-तीन उपकरणं जुळतात, तेव्हा प्रयोग पुन्हा करून सामाईक नाव घ्या. तारीख-वेळ मात्र पार बिघडलेली असेल, ती नंतर दुरुस्त करा.

सिरियल पोर्ट उपलब्ध असेल तर हे सगळं करण्याआधी बूट ओळीत नो_कन्सोल_सस्पेंड आणि इनिटकॉल_डीबग घाला. पहिल्यामुळे कन्सोल झोपत नाही आणि शेवटच्या ओळी बाहेर पडतात, दुसऱ्यामुळे प्रत्येक कॉलबॅकचं नाव आणि लागलेला वेळ छापला जातो. सिरियलची एक तार पुष्कळदा दोन दिवसांचं काम वाचवते.

प्रश्न : पीसीआय नेटवर्क कार्डाचा जुना ड्रायव्हर सांभाळतो. सस्पेंडमध्ये आम्ही पीसीआय_सेव्ह_स्टेट, पीसीआय_डिसेबल_डिव्हाइस आणि पीसीआय_सेट_पॉवर_स्टेट ही तीन फंक्शनं बोलावतो, रिझ्यूममध्ये उलट क्रमाने तीच कामं. काही यंत्रांवर सस्पेंड होतानाच यंत्र गोठतं. काहींवर रिझ्यूम होतं, पण कार्ड काही पाकिटं पाठवून गप्प होतं आणि वॉचडॉगची, म्हणजे पाठवणं अडकलंय का यावर लक्ष ठेवणाऱ्या टायमरची, तक्रार येते. एकाच कोडचे दोन वेगळे आजार कसे?

उत्तर : आजार दोन नाहीत, निदान तीन आहेत.

पहिला, गोठण्याचा. तुमचं कार्ड सस्पेंड कॉलबॅकमध्येच डी३ मध्ये (झोपेच्या अवस्थेत; डी० म्हणजे पूर्ण जागं) जातं, पण त्या वेळी इंटरप्ट अजून चालू असतात. कर्नल ते सस्पेंड_लेट संपल्यावर बंद करतं. कार्डाची इंटरप्ट लाइन दुसऱ्या कुणाशी सामाईक असेल आणि त्या शेजाऱ्याने इंटरप्ट दिला, तर तुमचाही हँडलर बोलावला जातो. तो झोपलेल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर वाचतो आणि त्याला सगळे बिट १ मिळतात. ‘सगळ्याच घटना घडल्यात’ असं समजून तो त्या साफ करत बसतो, त्या साफ होत नाहीत, आणि लूप संपत नाही. उपाय : हँडलरमध्ये सगळे बिट १ आले की लगेच आयआरक्यू_नन (‘हा इंटरप्ट आमचा नाही’) परत करा. हॉटप्लगमध्ये कार्ड ओढून काढलं तरी हीच तपासणी कामी येते.

मुळावरचा उपाय म्हणजे ती तिन्ही फंक्शनं सस्पेंडमधून काढून टाकणं. डेव्ह_पीएम_ऑप्स वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी कॉन्फिग स्पेस जपणं आणि योग्य डी-अवस्थेत नेणं हे पीसीआय कोर स्वतः करतं, तेही नोआयआरक्यू टप्प्यात, म्हणजे कुणाचाच हँडलर मध्ये येऊ शकत नाही अशा वेळी. परत येताना तुमचा रिझ्यूम चालण्याआधी कार्ड डी० मध्ये आलेलं असतं आणि कॉन्फिग स्पेस भरलेली असते.

दुसरा आजार पीसीआय_डिसेबल_डिव्हाइसचा. ते बस मास्टर बिट पुसतं, पण पीसीआय_एनेबल_डिव्हाइस तो परत लावत नाही. त्यासाठी पीसीआय_सेट_मास्टर वेगळं बोलवावं लागतं. ते राहिलं तर रजिस्टरं वाचता-लिहिता येतात, सगळं ठीक दिसतं, आणि डीएमए, म्हणजे कार्डाने स्वतः मेमरीत वाचणं-लिहिणं, मात्र कुठलीही तक्रार न करता बंद असतं.

तिसरा रिंगचा, म्हणजे पाकिटांच्या मेमरीतल्या गोल रांगेचा. वीज गेली की कार्डाचे रिंग निर्देशांक शून्यावर येतात, ड्रायव्हरचे मात्र झोपण्याआधी होते तिथेच असतात. मग कार्ड एका जागी बघतं आणि ड्रायव्हर दुसऱ्या जागी लिहितो. रिझ्यूममध्ये रिंगचे पत्ते पुन्हा लिहा, दोन्ही बाजूंचे निर्देशांक शून्य करा, मॅक फिल्टर आणि इंटरप्ट मास्क नव्याने भरा. ‘आमच्या यंत्रावर रजिस्टरं टिकतात’ यावर विसंबू नका. डी३हॉट मधून परत येताना कार्ड रीसेट होतं की नाही हे त्याच्या नो_सॉफ्ट_रीसेट बिटवर अवलंबून असतं, आणि खोल झोपेत वीजच गेली तर त्या बिटालाही अर्थ उरत नाही.

सस्पेंडमधला क्रमही जपा. आधी नेटिफ_डिव्हाइस_डिटॅच, मग नापी (पाकिटं गठ्ठ्याने उचलणारी यंत्रणा) बंद, मग कार्डाच्या मास्क रजिस्टरमध्ये इंटरप्ट बंद आणि लगेच तेच रजिस्टर एकदा वाचणं. पीसीआयवरचं लिखाण वाटेत रेंगाळू शकतं, वाचन केलं की ते पोचल्याची खात्री होते. त्यानंतर सिंक्रोनाइझ_आयआरक्यू, मग कॅन्सल_वर्क_सिंक (पुढे ढकललेलं काम, म्हणजे वर्क, रद्द करणारं), शेवटी डीएमए थांबवणं. वर्क आधी रद्द केलं आणि इंटरप्ट नंतर बंद केला, तर मधल्या फटीत आलेला इंटरप्ट तेच वर्क पुन्हा रांगेत लावतो. ते वर्क स्वतः इंटरप्ट उघडत असेल तर ‘झोपतोय’ अशी एक खूण ठेवून तिथेही तपासा. आणि वर्क फंक्शन आरटीएनएल (नेटवर्क मांडणीचा सामाईक) लॉक घेत असेल तर तो लॉक हातात धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावू नका, दोघं एकमेकांची वाट पाहत राहतील.

प्रश्न : टचस्क्रीनचा ड्रायव्हर आय२सी (दोन तारांची साधी बस) वर आहे. रिझ्यूमच्या वेळी बोट पडद्यावर असलं तर लॉगमध्ये ‘ट्रान्स्फर व्हाइल सस्पेंडेड’ असा इशारा येतो आणि त्यानंतर टच मरतो. बोट नसलं तर काहीच होत नाही.

उत्तर : दोष नेमका पकडून देणारी खूण तुम्हीच दिली आहे. रिझ्यूममध्ये नोआयआरक्यू टप्पा संपताच सगळ्या उपकरणांचे इंटरप्ट सुरू होतात. तुमचा इंटरप्ट थ्रेड धावत सुटतो आणि आय२सी कंट्रोलरकडे वाचन मागतो. पण कंट्रोलरचा रिझ्यूम नेहमीच्या टप्प्यात असेल तर तो अजून झोपलेला आहे. पालक (इथे कंट्रोलर) आधी जागा होतो आणि मूल (टच) नंतर, हा क्रम कॉलबॅकना लागू आहे. इंटरप्ट हँडलर तो क्रम पाळत नाही. वाचन फसतं, पॅनेल आपली इंटरप्ट लाइन ओढूनच धरतं, आणि एज ट्रिगर (लाइन बदलतानाच इंटरप्ट) असेल तर नवी एज कधी येतच नाही. म्हणून टच मरतो.

टचने यंत्र जागं करायचं नसेल तर सस्पेंडमध्ये डिसेबल_आयआरक्यू आणि रिझ्यूमच्या शेवटी एनेबल_आयआरक्यू करा. डिसेबल_आयआरक्यू चालू असलेला थ्रेड संपेपर्यंत थांबतं, म्हणून थ्रेडला लागणारा म्यूटेक्स त्या वेळी हातात नको. टचने जागं करायचं असेल तर इंटरप्ट बंद न करता एनेबल_आयआरक्यू_वेक वापरा आणि आय२सी कंट्रोलरचे कॉलबॅक नोआयआरक्यू टप्प्यात हलवा. तसे केलेले कंट्रोलर ड्रायव्हर पुष्कळ आहेत. रिझ्यूममध्ये पॅनेलचं स्टेटस एकदा स्वतःहून वाचून लाइन मोकळी करणं ही वरची खबरदारी.

दोष कधी येतो आणि कधी येत नाही अशा वेळी /सिस/पॉवर/पीएम_असिंक मध्ये ० लिहून पाहा. उपकरणं एकाच वेळी न झोपता एकामागून एक झोपू लागतात. एवढ्याने दोष गेला, तर दोन उपकरणांमधलं एक अवलंबन कर्नलला माहीतच नाही असं समजा. बहुतेक वेळा ते पालक-मूल नात्याबाहेरचं असतं, जसं की दुसऱ्या बसवरच्या चिपकडून मिळणारी वीज. तिथे डिव्हाइस_लिंक_अॅड ने पुरवठादार आणि ग्राहक असं नातं नोंदवा. पीएम_असिंक कायमचा ० ठेवणं हा मात्र उपाय नाही.

प्रश्न : ‘फ्रीझिंग यूजर स्पेस प्रोसेसेस फेल्ड आफ्टर २० सेकंद’ असं येऊन सस्पेंड रद्द होतं. ही मुदत वाढवावी का?

उत्तर : वाढवू नका. पीएम_फ्रीझ_टाइमआउट वाढवलं तर तेच अपयश उशिरा येईल. त्या ओळीखाली अडलेल्या प्रोसेसचा स्टॅक छापलेला असतो, तो वाचा. तुमच्या ड्रायव्हरच्या आयओकंट्रोलमध्ये साधा वेट_इव्हेंट दिसेल. अशी वाट पाहणारी प्रोसेस गोठवता येत नाही. वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल करा, आणि ते -ईरिस्टार्टसिस घेऊन परतलं की तोच आकडा वर द्या. जागं झाल्यावर कर्नल ती सिस्टिम कॉल पुन्हा सुरू करतं. बरेच जण तिथे -ईआयओ परत देतात, मग प्रत्येक झोपेनंतर वापरकर्त्याचा प्रोग्रॅम पडतो.

कर्नल थ्रेडची गोष्ट उलटी आहे. ते आपोआप गोठत नाहीत, तुम्ही सेट_फ्रीझेबल म्हटल्याशिवाय ते चालूच राहतात आणि झोपलेल्या हार्डवेअरला हात लावतात. त्यांना गोठवण्यापेक्षा सस्पेंड कॉलबॅकमध्ये केथ्रेड_पार्क करणं चांगलं. कधी थांबला आणि कधी सुरू झाला हे तुमच्या हातात राहतं.

प्रश्न : एआरएम बोर्डावर आमचं उपकरण रनटाइम पीएमने (यंत्र चालू असतानाच रिकामं उपकरण झोपवणारी सोय) आधीच झोपलेलं असतं. त्याच वेळी पूर्ण यंत्र सस्पेंड केलं तर आमच्या सस्पेंडमध्ये रजिस्टर वाचताना कर्नल कोसळतं. तिथे पीएम_रनटाइम_गेट_सिंक घातलं. ते सस्पेंडमध्ये चाललं, पण नोआयआरक्यू टप्प्यात -१३ देतं.

उत्तर : -१३ म्हणजे -ईअॅक्सेस. लेट टप्प्यात जाताना कर्नल प्रत्येक उपकरणाचं रनटाइम पीएम बंद करतं आणि रिझ्यूम_अर्ली मध्ये परत चालू करतं. मधल्या काळात कुणाला ‘जागा हो’ म्हणता येत नाही. रजिस्टर वाचताना कोसळण्याचं कारण क्लॉक, म्हणजे उपकरण चालवणारे ठोके. बंद क्लॉकवरच्या ब्लॉकला हात लावला की बस उत्तर देत नाही.

तुमच्या उपकरणाला सिस्टिम झोपेत वेगळं काही करायचं नसेल तर सस्पेंडसाठी पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड आणि रिझ्यूमसाठी पीएम_रनटाइम_फोर्स_रिझ्यूम लावा. उपकरण आधीच झोपलेलं असेल तर पहिलं काहीच करत नाही, जागं असेल तर तुमचाच रनटाइम कॉलबॅक बोलावतं. दुसरं, झोपण्याआधी जे वापरात होतं तेवढंच जागं करतं. क्लॉक दोनदा बंद होऊन ‘ऑलरेडी डिसेबल्ड’ हा इशारा येण्याचाही प्रश्न उरत नाही. रजिस्टरं जपायला रेगमॅप (रजिस्टरांची प्रत ठेवणारी कर्नलची सोय) वापरत असाल तर सस्पेंडमध्ये रेगकॅश_कॅश_ओन्ली चालू आणि रेगकॅश_मार्क_डर्टी, रिझ्यूममध्ये कॅश_ओन्ली बंद आणि रेगकॅश_सिंक. यातलं मार्क_डर्टी राहून गेलं तर सिंक काहीच लिहीत नाही आणि चिप कोऱ्या अवस्थेत राहते.

जाता जाता दुसरा सापळा. पीएम_रनटाइम_गेट_सिंक अपयशी ठरलं तरी वापराचा आकडा वाढवतंच. चुकीच्या वाटेवर पुट राहिलं की उपकरण पुन्हा कधी झोपत नाही. कर्नल ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते अपयश आलं तर आकडा स्वतः उतरवतं. नव्या कोडमध्ये तेच वापरा.

प्रश्न : रिझ्यूममध्ये चिपवर फर्मवेअर पुन्हा चढवायचं आहे. रिक्वेस्ट_फर्मवेअर कधी चालतं, कधी फाइल सापडत नाही.

उत्तर : प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा, ज्या नावाने मागणी केली, ते नाव कर्नल लक्षात ठेवतं आणि झोपण्याआधी ती फाइल मेमरीत आणून ठेवतं. रिझ्यूमला तीच मागितली तर मिळते. जागं झाल्यावर सुमारे १० सेकंदांनी हा साठा टाकला जातो. रिझ्यूममध्ये पहिल्यांदाच नवं नाव मागितलं, उदाहरणार्थ चिपची आवृत्ती वाचून बनवलेलं, तर साठ्यात ते नसतं. आणि डिस्क अजून झोपलेली असू शकते. फाइल काहीशे किलोबाइटची असेल तर प्रोबमध्येच स्वतःची प्रत करून ठेवा. मोठी असेल तर रजिस्टर_पीएम_नोटिफायर लावा. पीएम_सस्पेंड_प्रिपेअर ही सूचना प्रोसेस गोठण्याआधी येते, तेव्हा फाइल निवांत वाचता येते.

प्रश्न : साधं सस्पेंड शंभर वेळा सुरळीत. हायबरनेट (मेमरी डिस्कवर लिहून वीज बंद) केलं की जागं झाल्यावर काही मिनिटांनी कुठलातरी प्रोग्रॅम कोसळतो, एकदा फाइलसिस्टिमही बिघडली. आमच्या ड्रायव्हरमध्ये फ्रीझ कॉलबॅक रिकामा आहे, कारण थॉ (फ्रीझ उलटवणारा) लगेच येतो.

उत्तर : तो रिकामा फ्रीझच फाइलसिस्टिम बिघडवतोय, असं समजून आजच तो भरा. बिघाड डिस्कवरच्या माहितीपर्यंत पोचला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्रावर हायबरनेट करू नका.

फ्रीझ दोनदा वापरला जातो, आणि दुसरा प्रसंग सहज सुटतो. झोपताना : फ्रीझ, मेमरीचं चित्र, थॉ, चित्र डिस्कवर, मग पॉवरऑफ. जागं होताना मात्र आधी एक ताजं कर्नल बूट होतं, त्याच्यासोबत तुमचा ड्रायव्हरही चढतो, हार्डवेअर सुरू करतो, डीएमए बफर देतो. मग ते कर्नल जुनं चित्र वाचतं, आपल्या ड्रायव्हरांना फ्रीझ म्हणतं आणि जुन्या कर्नलच्या हाती सूत्रं देतं. फ्रीझ रिकामा असेल तर उपकरण ताज्या कर्नलने दिलेल्या पत्त्यांवर लिहीतच राहतं. त्या पत्त्यांवर आता जुन्या कर्नलचा दुसराच काही ऐवज आहे, कधी फाइलसिस्टिमचं पानही. म्हणून फ्रीझमध्ये डीएमए पूर्ण थांबलाच पाहिजे, आणि थांबल्याची खात्री उपकरणाच्या स्टेटसमधून करून घेतली पाहिजे.

दुसरी बाजू रिस्टोअरची, म्हणजे चित्र परत आल्यावरच्या कॉलबॅकची. तो चालतो तेव्हा उपकरण कोणत्याही अवस्थेत असू शकतं : ताज्या कर्नलच्या ड्रायव्हरने सुरू करून थांबवलेलं, किंवा ड्रायव्हर चढलाच नसल्याने वीज आल्यापासून कुणी हात न लावलेलं. म्हणून रिस्टोअर प्रोबइतकाच पूर्ण हवा, रीसेटपासून. चाचणी दोन्ही तऱ्हांनी करा, एकदा मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइलसंचात) घालून आणि एकदा काढून. फक्त एका तऱ्हेने पास होणारे ड्रायव्हर सापडतात.

दर वेळी वीज बंद करायची गरज नाही. /सिस/पॉवर/डिस्क मध्ये टेस्ट_रिझ्यूम लिहून स्टेट मध्ये डिस्क लिहिलं की चित्र लिहिणं आणि परत आणणं यंत्र बंद न करता होतं. शेवटची खात्री मात्र वीज खरोखर तोडूनच करावी.

कॉलबॅक वेगळे लिहायचे नसतील तर डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स हा मॅक्रो आहे, कर्नल ५.१७ पासून. तो सस्पेंड, फ्रीझ आणि पॉवरऑफला एकच फंक्शन लावतो, रिझ्यूम, थॉ आणि रिस्टोअरला दुसरं. तुमचं रिझ्यूम काहीही गृहीत न धरता लिहिलेलं असेल तर हे पुरतं.

प्रश्न : एस२आयडल झोपेत रात्रभरात बॅटरी निम्मी होते. तक्रार कुणाकडे वळवावी?

उत्तर : आधी मोजा. इंटेल यंत्रांवर /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूआयडल/ मध्ये लो_पॉवर_आयडल_सिस्टिम_रेसिडेन्सी_यूएस हा आकडा मायक्रोसेकंदात असतो. तो टिपा, १० मिनिटं झोपवा, पुन्हा टिपा. वाढ ६० कोटींच्या जवळ हवी. शून्य असेल तर यंत्र खोल अवस्थेत गेलंच नाही, कुणीतरी ते अडवतंय.

मग प्रत्येक पीसीआय उपकरण झोपेत कुठल्या अवस्थेत गेलं ते पाहा. इथे वरच्या नेटवर्क कार्डाच्या उत्तराची आठवण ठेवा : ड्रायव्हरने स्वतः पीसीआय_सेव्ह_स्टेट केलं असेल तर ‘वीजही हाच सांभाळणार’ असं पीसीआय कोर धरतं आणि डी३ मध्ये नेत नाही. जुन्या ड्रायव्हरमधली ती एक विसरलेली ओळ उपकरणाला रात्रभर डी० मध्ये ठेवते, आणि खाली एक मूल डी० मध्ये असलं की वरचा ब्रिजही जागाच राहतो. सगळे डी३ मध्ये असूनही आकडा शून्य असेल तर डीबगएफएसमधल्या पीएमसी_कोर मध्ये एलटीआर_शो पाहा. फार कमी विलंब सहन होतो असं सांगणारं उपकरण तिथे उघड होतं.

यंत्र मधूनच जागं होत असेल तर /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू मधला क्रमांक /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये शोधा. जागं करणारा कोण हे एका मिनिटात कळतं.

प्रश्न : यूएसबी उपकरण रिझ्यूमनंतर नव्या नावाने उगवतं, चालू प्रोग्रॅमचं हँडल तुटतं.

उत्तर : झोपेत पोर्टची वीज गेली, म्हणून जागं होताना उपकरण रीसेट झालं. अशा वेळी यूएसबी कोर रिझ्यूमऐवजी रीसेट_रिझ्यूम बोलावतं. तो कॉलबॅकच नसेल तर ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडला जातो. रीसेट_रिझ्यूम लिहा, त्यात उपकरणाची मांडणी नव्याने पाठवा आणि यूआरबी (डेटा देवाणघेवाणीच्या विनंत्या) पुन्हा लावा. उपकरणच रिझ्यूमनंतर बिनसत असेल तर यूएसबीकोरच्या क्विर्क्समध्ये विक्रेता आणि उत्पादन क्रमांकापुढे बी हे अक्षर द्या. त्याने दर वेळी रीसेट करूनच जागं केलं जातं.

प्रश्न : विंडोजवर आमच्या केएमडीएफ (मायक्रोसॉफ्टचं ड्रायव्हर लिहिण्याचं फ्रेमवर्क) ड्रायव्हरमुळे झोपताना निळा पडदा येतो, कोड ०एक्स९एफ, पहिला पॅरामीटर ३.

उत्तर : ३ म्हणजे एखाद्या उपकरणाने पॉवर आयआरपी (वीज-अवस्था बदलण्याची विनंती) फार वेळ अडवून धरला. चौथा पॅरामीटर त्या आयआरपीचा पत्ता आहे. डीबगरमध्ये त्यावर आयआरपी एक्स्टेन्शन चालवा, बाणाची खूण असलेल्या ओळीत अडवणारा ड्रायव्हर दिसतो. केएमडीएफमध्ये दोन कारणं आधी तपासा. पॉवर-मॅनेज्ड रांगेतून एखादी विनंती तुमच्याकडे पडून आहे आणि इव्हीटीआयओस्टॉप नोंदवलेलं नाही. फ्रेमवर्क ती पूर्ण होण्याची वाट बघत राहतं. किंवा डी०एक्झिटमध्ये हार्डवेअरच्या उत्तरासाठी मुदत न घालता थांबलात. थांबायचंच असेल तर मुदत घाला.

रिझ्यूमनंतर चिप कोरी दिसत असेल तर तिची मांडणी प्रिपेअरहार्डवेअरमध्ये आहे का पाहा. झोपेतून उठताना ते बोलावलं जात नाही, डी०एंट्री बोलावलं जातं.

प्रश्न : दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी किती चाचण्या कराव्यात?

उत्तर : आकड्यापेक्षा परिस्थिती बदलत राहणं महत्त्वाचं. तरी आरटीसीवेक (ठरलेल्या वेळी जागं करणारी आज्ञा) ने, मेम प्रकार आणि २० सेकंद देऊन, किमान २०० फेऱ्यांचा लूप लावा. दोन फेऱ्यांमधली जागेपणाची वेळ मुद्दाम कमी-जास्त ठेवा, १ सेकंदापासून ३० पर्यंत. रनटाइम पीएम आणि सिस्टिम सस्पेंड एकमेकांवर आदळणारे दोष त्यातच सापडतात. लूपनंतर /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स मधले फेल, लास्ट_फेल्ड_डेव्ह आणि लास्ट_फेल्ड_स्टेप वाचा. सस्पेंडने दिलेली चूक झोप रद्द करते आणि लगेच कळते. रिझ्यूमने दिलेली चूक नुसती लॉगमध्ये जाते आणि यंत्र पुढे चालतं, म्हणून लॉगही चाळा.

मग हे वेगळे प्रसंग : उपकरणावर पूर्ण वेगाने काम चालू असताना झोपवणं, झोपेत उपकरण काढून घेणं, झोपेत दुसऱ्या पोर्टला लावणं, रिझ्यूमनंतर लगेच मॉड्यूल उतरवणं. आणि एकदा तरी रात्रभराची झोप. जिफीज (कर्नलच्या टिकांची मोजणी) झोपेत पुढे सरकत नाहीत, त्यामुळे ‘३० मिनिटांनी पुन्हा कॅलिब्रेशन’ असा हिशेब जिफीजवर ठेवला असेल तर ८ तासांनी जागं झालेला ड्रायव्हर जुनंच कॅलिब्रेशन ताजं समजतो. तिथे केटाइम_गेट_बूटटाइम वापरा, ते झोपेतला वेळही मोजतं. २० सेकंदांच्या लूपमध्ये हा दोष कधीच दिसणार नाही.